पुसलेला ठसा आणि पितळेचा गंज

मागच्या भागात काच आणि कागदावरचे सुप्त ठसे पाहिले. या आठवड्यात धातू. इथे ठसा म्हातारा होतो तो वेगळ्याच रीतीने.

बोटांच्या टोकांवर तेलग्रंथी नसतात, फक्त घामाच्या ग्रंथी असतात. या घामात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी. उरलेल्या भागात मीठ, अमिनो आम्ले, युरिया. चेहऱ्याला किंवा केसांना हात लागला की त्यात तेलकटपणा मिसळतो. वस्तू हाताळली की बोटांवरच्या रेषांच्या आकारात हे मिश्रण तिच्यावर उतरते. पाणी लवकर उडते, तेल हवेतल्या ऑक्सिजनने बदलत जाते, ठसा कोरडा पडतो आणि भुकटी त्याला नीट धरत नाही.

पितळेवर मात्र या काळात दुसरीही क्रिया चालू असते. घामाच्या मिठातले क्लोराइड तांबे-जस्ताच्या या मिश्रधातूला गंजवू लागते. चिंचेने लखलखीत घासलेल्या पितळी तांब्याला ओलसर हात लागला की काही दिवसांनी तिथे काळपट डाग उमटतो, तेच इथे रेषेरेषेने घडते. आता ठसा धातूवर चिकटलेला नसतो; धातूचा पृष्ठभागच त्या रेषांत बदललेला असतो.

म्हणूनच काडतुसाच्या पितळी पुंगळीवरचा ठसा पुसून किंवा साबणाच्या पाण्याने धुऊनही कधीकधी मिळतो. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर पोलिसांचे वैज्ञानिक जॉन बाँड यांनी २००८ मध्ये ही पद्धत पुढे आणली. पुंगळीला सुमारे २,५०० व्होल्टचा दाब देतात आणि कार्बनची पूड माखलेले सिरॅमिकचे बारीक मणी तिच्यावरून ओघळवतात. गंजलेल्या रेषांवर पूड बसते आणि ठसा दिसू लागतो. प्रत्येक पुंगळी मात्र बोलत नाही. कुणाच्या घामात मीठ कमी असते, आणि गोळी सुटताना होणारे घर्षण रेषा खरवडून टाकते.

स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर असल्याने असा गंज सहज धरत नाही. तिथे झटपट चिकटणाऱ्या गोंदातल्या सायनोअ‍ॅक्रिलेटची धुरी देतात. बंद पेटीत सुमारे ८० टक्के आर्द्रता ठेवली की ही वाफ ठशावर जमून पांढऱ्या रेषा उमटतात. साध्या लोखंडावर मात्र गंज रेषा सोडून सर्वत्र पसरतो आणि ठसाच गिळून टाकतो.

एक गोष्ट आपण सर्वांनी, विशेषतः न्यायालयात, पक्की लक्षात ठेवायला हवी. गंज किती खोल गेला यावरून ठसा कोणत्या दिवशी उमटला हे खात्रीने सांगता येत नाही. घाम, दमट हवा, उष्णता आणि धातूची जात यांनुसार ठशाच्या वयाची गती बदलते. ठसा ‘कोणाचा’ याचे उत्तर देऊ शकतो. ‘केव्हा’चे उत्तर तपास अधिकाऱ्याने इतर पुराव्यांतूनच शोधले पाहिजे. ठशाकडून हे दुसरे उत्तर वदवून घेतले, तर निरपराध माणूस अडकू शकतो.

पुढील भागात : प्लास्टिकच्या पिशवीवरचे ठसे आणि सोन्या-जस्ताचा लेप.