न दिसणारे दुकान

महाराज बाड्यावरच्या दुकानातून आम्ही ग्वाल्हेरकर एखादे पुस्तक विकत घेतो, ते आमचे होते. वाचून झाल्यावर धाकट्या भावंडास द्यावे, वाटल्यास विकावे. संगणकावरील खेळांच्या दुकानाची रीत मात्र निराळी आहे.

‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीने २००३ साली ‘स्टीम’ सुरू केले. तेथे माल मांडावयास फळी लागत नाही. खेळ कंपनीच्या संगणकांवर साठविलेला असतो. पैसे भरताच आपल्या खात्यात त्याची नोंद होते आणि इंटरनेटवरून त्याची प्रत आपल्या संगणकात उतरते. किमतीतील साधारणतः शेकडा ३० हिस्सा दुकान घेते, बाकीचा खेळ तयार करणाऱ्यांकडे जातो. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि २ तासांहून कमी वेळ खेळले असल्यास, पैसे परत मागता येतात.

परंतु येथे आपण विकत घेतो तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना होय. तो दुसऱ्यास विकता येत नाही. खाते गमावले की खेळही गेले. २००८ साली निघालेले पोलंडमधील ‘गॉग’ मात्र खेळाची प्रत आपल्यापाशी जपून ठेवू देते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, घरच्या वडीलधाऱ्यांचे पैसे खर्च करण्यापूर्वी आपण नेमके काय घेत आहोत, हे अटी वाचून जाणून घ्यावे.