पालवणकर बाळू आणि न मिळालेले कर्णधारपद

पालवणकर बाळू हे भारतीय क्रिकेटमधले पहिले मोठे गोलंदाज. आडनाव कोकणातल्या पालवण गावाचे, जन्म मात्र धारवाडचा, १८७५-७६ च्या सुमारास. चर्मकार समाजातले हे कुटुंब वडिलांच्या लष्करातल्या नोकरीमुळे पुण्यात स्थिरावले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे भाऊ खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबच्या मैदानावरची, महिना तीन रुपयांची. काम झाडलोटीचे आणि खेळपट्टीवर रोलर ओढण्याचे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात आले आणि पगार चार रुपये झाला. खेळपट्टी आखणे, जाळी लावणे हे नेमून दिलेले काम. एका गोऱ्या खेळाडूने सरावासाठी त्यांच्या हाती चेंडू दिला आणि हा डावखुरा फिरकी गोलंदाज जगासमोर आला. जिमखान्याचा मोठा फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंचा मारा खेळत असे आणि आपल्याला बाद केले की आठ आणे देत असे. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या पोराला आठ बळींत एका महिन्याचा पगार सुटत होता. टप्पा, दिशा आणि उंची यांवरची हुकमत याच शेकडो तासांत आली. फलंदाजी मात्र त्यांना तिथे कधी करू दिली नाही. बॅट साहेबांच्या हाती आणि चेंडू नोकराच्या हाती, असाच रिवाज होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. वादावादीनंतर त्यांना संघात घेतले गेले. मैदानात सहकारी त्यांच्याच हातचा चेंडू झेलत. चहाची सुट्टी झाली की सारे पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळेच. त्यांची पुढची सगळी कारकीर्द समजून घ्यायची तर हा पेला डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

प्लेगच्या काळात ते मुंबईला गेले. काही दिवस पलटणीत, मग बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा करून युरोपियनांना १९१ आणि १०२ धावांत गुंडाळले. १०९ धावांच्या त्या विजयात बाळूंचे बळी होते आठ, आणि धाकटे बंधू शिवरामही संघात होते. पुढे या सामन्यांची तिरंगी, चौरंगी आणि शेवटी पंचरंगी स्पर्धा झाली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची एकूण कामगिरी निराशाजनक होती. बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्याने दौऱ्यातल्या सर्व सामन्यांत ११४ बळी मिळवले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ आणि लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात अकरा. सॉमरसेटवरच्या एका गड्याच्या विजयात शिवराम ११३ धावांवर नाबाद राहिले. परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. तरुण आंबेडकरांनाही त्यांचा मोठा अभिमान होता.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीच जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंचा होता. बळींच्या आकड्यांपेक्षा हा एक नकार त्या काळाबद्दल जास्त सांगतो. १९२० च्या स्पर्धेत बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून नवा कर्णधार नेमला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले आणि त्यांनी कारणही जाहीर केले. लोकमत तापले. अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधारपद द्यावे लागले आणि काही वेळ मैदानावर संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. थोरल्याला नाकारलेली जागा धाकट्याने मिळवली. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे विठ्ठल यांचे आत्मचरित्र या साऱ्या कहाणीचा मोलाचा मराठी ऐवज आहे.

बाळूंच्या नावावर ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना त्यांची कारकीर्द संपल्यावर, १९३२ साली झाला. त्याच वर्षी दलितांच्या राखीव जागांबाबतच्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत डॉ. आंबेडकरांबरोबर बाळूही होते. पाच वर्षांनी, १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांविरुद्धच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले.