'डार्क स्टार': एक गाणं, दोनशे रात्री

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडने एप्रिल १९६८ मध्ये 'डार्क स्टार'ची तबकडी काढली. गाणं जेमतेम पावणेतीन मिनिटांचं, आणि ते खपलंही नाही. पण मंचावर तेच गाणं वीस-तीस मिनिटं फुलू लागलं. रॉटरडॅमला ११ मे १९७२ रोजी तर ते पाऊण तासाहून जास्त चाललं. १९९४ पर्यंत ते दोनशेहून अधिक वेळा वाजलं आणि यातलं बरंचसं टेपवर उतरलं. 'डेडहेड्स' म्हणून ओळखले जाणारे या बँडचे रसिक तेव्हापासून एकाच प्रश्नावर हिरिरीने बोलत आले आहेत: सर्वांत सरस 'डार्क स्टार' कोणत्या रात्रीचा?

प्रश्नाला जोर येतो तो गाण्याच्या बांधणीमुळे. रॉबर्ट हंटरने लिहिलेली दोन छोटी कडवी, सुरुवातीची एक ओळखीची सुरावट आणि मोजक्या स्वरसंगतींची ये-जा, एवढंच ठरलेलं. बाकी सगळं त्या रात्रीवर सोपवलेलं. जेरी गार्सिया गिटारवर एखादी जागा घेतो आणि फिल लेश बास गिटारवर नुसता ठेका न धरता त्याला उत्तर देतो. दुसरं कडवं अनेकदा येतच नाही. एकाच रागाच्या दोन मैफली शेजारी ठेवून ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हे परकं वाटू नये. बँडचा ड्रमवादक मिकी हार्ट तर उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकला होता. पुढे १९७६ मध्ये त्याने आपल्या माहीमच्या झाकिर हुसेन यांच्यासोबत 'दिगा' हा तालवाद्यांचा अल्बमही केला.

वाद बहुतेक वेळा दोन तारखांपाशी येऊन थांबतो. पहिली २७ फेब्रुवारी १९६९, स्थळ सॅन फ्रान्सिस्कोचं 'फिलमोर वेस्ट'. 'लाइव्ह/डेड' या अल्बममध्ये आलेलं तेवीस मिनिटांचं हे वादन अनेकांना आजही प्रमाण वाटतं. बँडमध्ये तेव्हा दोन ड्रमवादक होते, तरी ड्रम जवळजवळ मागेच राहतात. ऐकू येतो तो घासून वाजवायच्या वाद्याचा खरखरता नाद, मध्येच घुमणारी मोठी थाळी आणि टॉम कॉन्स्टंटेनचा ऑर्गन. त्यामुळे गिटारभोवती भरपूर मोकळी जागा राहते.

दुसरी तारीख २७ ऑगस्ट १९७२. ओरेगॉनमधल्या वेनेटा गावाजवळ, रणरणत्या उन्हात, एका स्थानिक डेअरीला सावरण्यासाठी केलेला हा कार्यक्रम. मिकी हार्ट दीड वर्षापूर्वीच बाहेर पडला होता. बिल क्रॉइट्झमन एकटाच ड्रमवर होता, आणि ऑर्गनऐवजी कीथ गॉडशॉ याचा पियानो होता. एकच ड्रमवादक असल्याने वळण घ्यायला कुणाची वाट पाहावी लागत नाही. जॅझमध्ये असतो तसा ताल सतत हलता राहतो आणि अर्ध्या तासाहून लांबलेलं हे वादन कुठेही सैल पडत नाही. गाणं तेच, पण माणसं आणि वाद्यं बदलताच त्याचा स्वभाव बदलतो. तुलना करणारा रसिक हे कारण कानांनी शोधून काढतो, आणि मला या छंदाचं मोल त्यातच दिसतं.

टेप कोणती, यावरही बरंच ठरतं. मंचावरच्या आवाजांचं मिश्रण करणाऱ्या साउंडबोर्डवरून घेतलेल्या टेपमध्ये प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. श्रोत्यांमधून माइक उंच धरून केलेल्या टेपमध्ये सभागृहाचा घुमार आणि गर्दीचा हुंकार येतो. कॅसेटच्या काळात प्रतीवरून प्रत काढली की खरखर वाढायची, म्हणून आपली प्रत कितव्या पिढीची आहे हेही रसिक सांगत. बँडने टेप करणाऱ्या या मंडळींना अडवलं नाही. १९८४ मध्ये तर त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखली. अट एकच होती: टेप विकायची नाही. कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की अनोळखी माणूसही प्रत काढून देई.

गाणं दुर्मिळ झालं तेव्हा ओढ आणखी वाढली. ३१ डिसेंबर १९७८ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या 'विंटरलँड'मध्ये रसिकांनी फलक लावला होता: शहरात 'डार्क स्टार' वाजून १५३५ दिवस झाले. त्या रात्री बँडने ते वाजवलं. पुढे कॅनडाचा संगीतकार जॉन ऑस्वाल्ड याने पंचवीस वर्षांतल्या शंभरावर वादनांचे तुकडे एकमेकांवर रचून 'ग्रेफोल्डेड' घडवलं. त्यात तरुण आणि उतारवयाकडे झुकलेला गार्सिया एकत्र वाजतात. काम विलक्षण आहे, पण मला एकेका रात्रीचा धोका त्याहून प्रिय आहे. तिथे पुढचा सूर काय असेल हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

माझं मत वेनेटाच्या बाजूने. तुम्ही मात्र आधी १९६९ चं ऐका, मग १९७२ चं. पहिली दहा मिनिटं गिटार सोडून फक्त ड्रमकडे कान ठेवा आणि मग तुमचा कौल द्या.