संशोधक विद्यार्थ्यांचे मनोगत : विचारावे कोणी, केव्हा आणि कसे



आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली वडोदऱ्यात, पुण्यात, हैदराबादेत आणि परदेशांतही पीएच.डी.साठी संशोधन करीत असतात. घरच्या मंडळींना त्यांच्याविषयी प्रश्न पडतो तो बहुधा एकच : प्रबंध पुरा कधी होणार? विद्यापीठाच्या दप्तरातही मुख्यतः तेवढीच नोंद असते. मधल्या चार-सहा वर्षांत हा विद्यार्थी कोठे बसतो, कोणाशी बोलतो, त्याला काय मिळते आणि कशावाचून तो अडतो, हे त्याला स्वतःलाच पद्धतशीर विचारण्याची रीत जगात फार जुनी नाही. ती रीत आणि तिच्यातील अडचणी यांविषयी आज बोलावे असे मी योजिले आहे. या शाळेची मी विद्यार्थिनी. पुढे विद्यापीठात अध्यापन व संशोधन-मार्गदर्शन करून निवृत्त झाले. अशा प्रश्नावल्या मी वाटल्या आहेत आणि भरून आलेल्या वाचल्याही आहेत, म्हणून काही मते जरा ठामपणे मांडली तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अभिप्राय घेणे तुलनेने सोपे. सत्तर जणांच्या वर्गात एकाने शिक्षकांविषयी कडू लिहिले तरी ते सत्तरांत मिसळून जाते, आणि वर्ष संपले की तो शिक्षक व तो विद्यार्थी यांचा संबंधही बहुधा संपतो. संशोधकाचे तसे नाही. त्याचा सारा व्यवहार एका मार्गदर्शकाशी बांधलेला असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जावरची सही, प्रयोगशाळेची किल्ली, परिषदेला जाण्याची परवानगी, परीक्षकांची नावे सुचविणे आणि पुढे नोकरीसाठी लागणारे शिफारसपत्र, हे सर्व एकाच हातातून यावयाचे असते. अशा विद्यार्थ्याला ‘आपण समाधानी आहात काय?’ असे विचारणे म्हणजे एकत्र कुटुंबात नव्या सुनेला सासूसासऱ्यांदेखत ‘तुला इथे काही कमी नाही ना?’ असे विचारण्यासारखे आहे. तिचे उत्तर काय येणार हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते.

ऑस्ट्रेलियाने या अडचणीवर एक तोड काढली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे संशोधन-पदवीधरांसाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली. मार्गदर्शन, कौशल्यांची वाढ, विभागातील बौद्धिक वातावरण, साधनसामग्री, प्रबंधाची परीक्षा आणि अपेक्षांची स्पष्टता असे तिचे विषय होते. ती पाठविली जाई पदवीचे काम संपल्यावर, म्हणजे विद्यार्थी मार्गदर्शकाच्या हाताखालून सुटल्यावर. या उत्तरांवरून विद्यापीठांची आपसांत तुलना करता येईल, अशीही अपेक्षा होती. २००२ मध्ये हर्बर्ट मार्श, केनेथ रो आणि अँड्र्यू मार्टिन या संशोधकांनी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३२ विद्यापीठांच्या १८३२ पदवीधरांची उत्तरे तपासली. प्रश्नावली व्यक्तीचा अनुभव नीट टिपते असे त्यांना आढळले. परंतु विद्यापीठा-विद्यापीठांत जवळजवळ काहीच फरक दिसेना.

मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. माझ्या समजुतीने त्याचे कारण असे की, संशोधकाच्या लेखी ‘विद्यापीठ’ म्हणून जे काही असते ते त्याच्या मार्गदर्शकाच्या खोलीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. एकाच इमारतीत, शेजारशेजारच्या दोन दारांआड, दोन निराळी विद्यापीठे नांदत असतात. त्यांची सरासरी काढली की उरते ते कोणाचेच नसलेले एक मधले चित्र.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथील उच्च शिक्षण अकादमीने २००७ पासून संशोधन चालू असतानाच विद्यार्थ्यांची पाहणी करण्यास आरंभ केला. चालू असताना विचारले तर त्याच विद्यार्थ्याला सुधारणेचा लाभ मिळू शकतो, हा त्यातला मोठा गुण. मात्र भीतीही तेव्हाच सर्वांत अधिक असते. संपल्यावर विचारले तर जीभ मोकळी होते, पण खोली, दिवे, पुस्तके, सारे पुढच्याच्या वाट्याला जाते.

आता निनावीपणाविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण सगळी मेख तेथे आहे. कागदावर नाव लिहू नका एवढे सांगितले की काम झाले अशी आपल्याकडे समजूत असते. एका विद्यापीठात (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) मी पाहिलेल्या प्रश्नावलीत नाव नव्हते. परंतु विभाग, नोंदणीचे वर्ष, स्त्री की पुरुष आणि शिष्यवृत्तीचा प्रकार या चार चौकटी होत्या. त्या विभागात संशोधक होते सात. तिसऱ्या वर्षातली, शिष्यवृत्ती नसलेली मुलगी एकच! तिने मोकळ्या जागेत चार ओळी लिहिल्या होत्या. विभागप्रमुखांनी त्या वाचल्या आणि दुपारच्या चहापर्यंत त्या कोणाच्या हे सर्वांना कळले. पुढच्या वर्षी त्या विभागातून सातही कागद ‘उत्तम’ असे भरून आले, आणि तो विभाग विद्यापीठात आदर्श ठरला.

यावर उपाय अवघड नाहीत. उत्तरे विभागाबाहेरच्या माणसाने गोळा करावीत. दहाहून कमी उत्तरे असतील तेथे विभागवार निकाल काढूच नये. तीन वर्षांची उत्तरे एकत्र करावीत, किंवा चार लहान विभागांची मोट बांधावी. मोकळ्या जागेतला मजकूर जसाच्या तसा वर पाठवू नये, कारण भाषेच्या लकबीवरूनही माणूस ओळखू येतो; त्याचा आशय कोणीतरी आपल्या शब्दांत मांडावा. आणि उत्तराला लागत नसलेली चौकट मुळातच छापू नये.

आपल्या देशात राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान पाहणी आणली, हे पाऊल चांगलेच होते. पण तिचा पहिलाच प्रश्न वर्गात अभ्यासक्रम किती पुरा झाला असा. ज्याला वर्गच नाही त्याने तेथे काय लिहावे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक संशोधकासाठी सल्लागार समिती असते आणि दर सत्रात त्याने तिच्यापुढे आपल्या कामाचा वृत्तान्त ठेवावयाचा असतो. येथे बोलण्याची जागा मिळते खरी. मात्र त्या समितीचे निमंत्रक स्वतः मार्गदर्शकच असतात. कामाची प्रगती सांगण्यास ती योग्य जागा आहे. मार्गदर्शनाविषयी गाऱ्हाणे असेल तर ते तेथे कसे सांगावे?

विचारावे काय, हाही प्रश्न आहे. ‘समाधान’ हा शब्द फसवा आहे. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या २०१९ च्या पाहणीत जगभरच्या ६३०० हून अधिक पीएच.डी. विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. सुमारे तीन-चतुर्थांशांनी आपल्या निर्णयाविषयी कमीअधिक समाधान नोंदविले. आणि त्याच पाहणीत ३६ टक्क्यांनी संशोधनामुळे आलेल्या चिंतेसाठी वा नैराश्यासाठी मदत घेतल्याचे सांगितले. आपण होऊन उत्तर देणाऱ्यांची ही पाहणी, तेव्हा तिचे आकडे सर्वांना लागू करू नयेत. तरी माणूस एकाच वेळी समाधानी आणि बेजार असू शकतो, एवढे त्यातून दिसते. म्हणून मी भावनेऐवजी घटना विचारण्याच्या पक्षाची आहे. गेल्या तीन महिन्यांत मार्गदर्शकांशी प्रबंधाविषयी किती वेळा बोलणे झाले? दिलेले प्रकरण किती आठवड्यांनी वाचून परत मिळाले? कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. ती हातात पडावयास किती महिने लागले? बसण्यास स्वतःचे टेबल आहे काय? मार्गदर्शकांच्या मुलीच्या लग्नपत्रिका वाटण्याचे काम संशोधनात धरतात काय, असाही एक प्रश्न घालावा असे मी एकदा गमतीने सुचविले होते. सभेत हशा पिकला, पण प्रश्न काही घातला गेला नाही.

भाषेचेही पाहिले पाहिजे. ‘नेचर’ची ती पाहणी इंग्रजीखेरीज आणखी चार भाषांत उपलब्ध होती. आपल्या सयाजीराव विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी; मराठी वा गुजराती शाळेतून गेलेला विद्यार्थी त्या भाषेत प्रबंध उत्तम लिहितो, परंतु गाऱ्हाणे इंग्रजीत मांडू लागला की ते एक तर अर्जासारखे कोरडे होते, नाही तर भांडणासारखे तिखट. मोकळ्या जागेवर ‘कोणत्याही भाषेत लिहावे’ एवढी ओळ छापण्यास खर्च येत नाही. मी ती छापून पाहिली आहे. उत्तरे लांबली आणि वाचनीय झाली.

मात्र सर्वांत मोठा तोटा या साऱ्या पद्धतींना सारखाच आहे. ऑस्ट्रेलियाने पदवी मिळालेल्यांना विचारले, ब्रिटनने शिकत असलेल्यांना. जे दुसऱ्या वा चौथ्या वर्षी गुपचूप निघून गेले त्यांना या पाहण्यांत जागा नव्हती. नोंदणी रद्द झाली की पत्ताही दप्तरातून मागे पडतो. आज येथे बसलेल्यांतही असे कोणी असतील. विद्यापीठाने त्यांना एक साधे पत्र, सोबत तिकीट लावलेले पाकीट घालून, वर्षभराने पाठवावे आणि दोनच प्रश्न विचारावेत : आपण केव्हा सोडावयाचे ठरविले, आणि त्याआधी हे कोणाला सांगितले होते काय?