दिसणारा ट्रायोड

जुन्या डीव्हीडी प्लेअरचं पुढचं पॅनल उघडलं की काचेची एक चपटी पेटी हाती लागते. निळसर-हिरवे आकडे उमटायचे ते हिच्यातच. हा व्हॅक्यूम फ्लुरोसेंट डिस्प्ले. जपानमध्ये १९६७ साली जन्मलेला. एलईडी पेटवून झाल्यावर नवशिक्यानं याच्याकडेच वळावं असं मला वाटतं, कारण हा मुळात रेडिओच्या व्हॉल्व्हसारखा ट्रायोड आहे आणि त्यातले इलेक्ट्रॉन कुठे पोचले ते डोळ्यांना दिसतं.

पेटी तिरपी धरली की आडव्या ताणलेल्या, केसाहून बारीक तारा चमकतात. हे फिलामेंट. त्याच्या पिना बहुधा दोन्ही टोकांना असतात; मल्टिमीटर तिथे थोडेच ओहम दाखवतो. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे. तो डिस्प्ले बाजूला ठेवावा.

खरी कसोटी पुढे आहे. टंगस्टनच्या या तारेवर बेरियम, स्ट्रॉन्शियम वगैरेंच्या ऑक्साइडांचा लेप असतो, म्हणून थोड्या तापावरही तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. मी खोलीत अंधार करतो, अर्ध्या व्होल्टपासून हळूहळू चढतो आणि तार जेमतेम लालसर दिसली की थोडा मागे येतो. तार उजेडासाठी नाहीच. ती लखलखली तर लेप उडतो आणि डिस्प्ले कायमचा मंदावतो.

मग उरलेल्या ग्रिड (आकड्यांपुढच्या बारीक जाळ्या) आणि अ‍ॅनोडच्या सगळ्या पिना एकत्र करून १२ व्होल्टच्या अधिक टोकाला, आणि वजा टोक फिलामेंटला. अ‍ॅनोडवरचं झिंक ऑक्साइड उजळतं. २५ व्होल्टपर्यंत गेलं की आकडे खोलीच्या उजेडातही स्पष्ट वाचता येतात. आता एकच ग्रिड सोडवून फिलामेंटच्या वजा टोकाला बांधा. तिच्यामागचा अख्खा आकडा विझतो, शेजारचे तसेच राहतात. पुस्तकातल्या आकृत्यांवरून मला ग्रिड कधी इतकी नीट समजली नव्हती. ती मोकळी मात्र सोडू नये. तिच्यावर इलेक्ट्रॉन साठतात आणि आकडा अर्धवट, डागाळलेला दिसतो.

मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टवर हे भागत नाही, मध्ये ड्रायव्हर चिप लागते. सहज मिळणारी यूएलएन२००३ इथे चालत नाही, कारण ती खालीच खेचते; वरून व्होल्टेज पुरवणारी, यूडीएन२९८१सारखी चिप हवी.

फिलामेंटला डीसी दिला तर लांब डिस्प्लेत वजा टोकाकडचे आकडे अधिक उजळ दिसतात, कारण त्यांच्या वाट्याला एखाद-दोन व्होल्ट जास्त येतात. म्हणूनच प्लेअरमध्ये फिलामेंटला बहुधा एसी दिलेला असतो.