पडद्यावरील पंगत

नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवाचें नांव ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं साऱ्या देशाला ठाऊक झालें. 'आधार' योजनेचे पहिले बारा अंकी क्रमांक त्या दिवशीं तेथील रहिवाशांना देण्यांत आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग या समारंभास उपस्थित होते. मला आज बोलावयाचें आहे तें त्या समारंभाविषयीं नव्हे. अशी नोंदणी ज्याच्यावर होते त्या संगणकाच्या पडद्याविषयीं बोलावयाचें आहे.

नोंदणींत काय घ्यावयाचें हें सांगावयास सोपें आहे. नांव, पत्ता, जन्मतारीख, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि छायाचित्र. परंतु खुर्चीवर येऊन बसणारीं माणसें एका सांच्यांतलीं नसतात. एखाद्या आजीबाईंना जन्मतारीख ठाऊक नसते, वय तेवढें अंदाजानें सांगतां येतें. मग त्या वयावरून जन्माचें वर्ष काढावें लागतें. पांच वर्षांखालील मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहींत. त्याचें छायाचित्र घेऊन त्याची नोंद आईच्या किंवा बापाच्या क्रमांकाशीं जोडतात. एखाद्या मजुराचें एक बोट यंत्रांत सांपडून गेलेलें असतें. तें नाहीं असें नमूद करून उरलेल्या बोटांचे ठसे घ्यावे लागतात. 

छापील अर्जाला हें साधत नाहीं. तो सर्वांना सर्वच प्रश्न विचारतो आणि 'लागू नसेल तें खोडावें' असें म्हणून मोकळा होतो. संगणकाच्या आज्ञावलीला मात्र समोरच्या माणसाचें एक उत्तर ऐकून पुढचे प्रश्न बदलतां येतात. लिहिण्याची चौकट, निवडीची यादी, दाबावयाचें बटण, या सर्वांना आपण सोयीसाठीं 'घटक' म्हणूं. बहुतेक घटक आज्ञावली लिहितांनाच जागच्या जागीं मांडलेले असतात. परंतु कांहीं घटक आज्ञावली चालूं असतांनाच निर्माण करावे लागतात, बदलावे लागतात, काढूनहि टाकावे लागतात. तें कसें करावें हा आजचा विषय.

श्रोतेहो, आपल्या घरच्या कार्यांतील पंगत डोळ्यांसमोर आणा. पानें मांडलीं आहेत, वाढप चालूं आहे, आणि चार पाहुणे अवचित येतात. यजमान दोन रीतींनीं निभावून नेतो. आणखी कितीजण येतील याचा अंदाज असेल, तर तो चार पानें आधींच मांडून झांकून ठेवतो. अंदाज नसेल, तर पाहुणा येईल तसें नवें पान मांडतो. आज्ञावलींतहि याच दोन रीती आहेत. लहान मुलासाठीं पालकाच्या क्रमांकाची एकच चौकट लागणार हें आधींच ठाऊक असतें. ती मांडून अदृश्य ठेवावी आणि वय पांचाहून कमी दिसतांच प्रकट करावी. परंतु कुटुंबांतील माणसांची यादी लिहून घ्यावयाची असेल, तर माणसें तीन कीं तेरा हें कोण सांगणार? तेथें दर नांवागणिक नवी चौकट निर्माण करणें हाच मार्ग. १९९८ सालीं निघालेल्या व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तींत एक रूढ रीत अशी होती कीं, नमुन्याचा एक घटक आधीं मांडून ठेवावयाचा आणि पुढें लागतील तशा त्याच्या प्रती काढावयाच्या.

नवें पान मांडलें म्हणजे पाहुणा जेवला असें होत नाहीं. पहिली गोष्ट जागेची. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्यें नव्या घटकाला जागा सांगितली नाहीं, तर तो डाव्या वरच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो. असे दहा घटक केले तर दहाहि एकमेकांवर बसतात आणि दिसतो एकच. म्हणून घटकांची मांडणी करणाऱ्या चौकटीच्या स्वाधीन त्यांना करावें, म्हणजे एक आला कीं बाकीचे आपोआप सरकतात. जावा भाषेच्या स्विंग या संचांत तर आणखी एक पायरी आहे. आधींच दिसत असलेल्या खिडकींत घटक घातला, तरी 'रिव्हॅलिडेट' आणि 'रिपेंट' या आज्ञा दिल्याशिवाय तो डोळ्यांना दिसेलच असें नाहीं. पहिली आज्ञा मांडणी पुन्हा करविते, दुसरी चित्र पुन्हा रेखाटविते. नवशिका येथेंच अडतो आणि घटक निर्माणच झाला नाहीं असें समजतो.

दुसरी गोष्ट वाढप्याला सांगण्याची. पान मांडलें, पण वाढप्याला खबर नाहीं, तर पाहुणा उपाशी राहील. बटण निर्माण केलें, पण तें दाबल्यावर काय करावयाचें तें त्याला जोडून दिलें नाहीं, तर तें नुसतें चित्र होय. टॅब कळ दाबल्यावर कोणत्या घटकाकडे जावयाचें, तो क्रमहि नव्यानें ठरवावा लागतो. तिसरी गोष्ट यजमान एकच असावा ही. पडद्यावरील सर्व बदल एकाच कार्यधाग्यानें करावे असा स्विंगचा व विंडोज फॉर्म्सचा दंडक आहे. पाठीमागें दुसरें काम करणाऱ्या धाग्यानें परस्पर पानें हलविलीं, तर केव्हां तरी पंगत मोडते, आणि ती कां मोडली हें शोधणें फार कठीण जातें.

उठलेल्या पंगतीचीं पानेंहि काढावीं लागतात. विंडोज फॉर्म्समध्यें संग्रह रिकामा करण्याच्या 'क्लिअर' या आज्ञेनें घटक पडद्यावरून जातात, पण त्यांनीं अडविलेली सामग्री सुटत नाहीं. ती 'डिस्पोज' म्हटल्यावरच सुटते. विंडोज एका आज्ञावलीला अशा वस्तु साधारणपणें १०,००० पर्यंतच देते. दिवसभर चाललेली खिडकी संध्याकाळीं अकस्मात् बंद पडते, याचें कारण पुष्कळदां असल्या न काढलेल्या उष्ट्या पानांत असतें. शिवाय घटक एकेक करून काढतांना शेवटून आरंभ करावा. पहिल्यापासून काढूं लागल्यास पहिला जातांच दुसरा त्याच्या जागीं येतो, आपण पुढें सरकतों, आणि एकाआड एक मागें राहतात.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, माहिती घटकांत ठेवूं नये. चौकट हें पान आहे, कोठीघर नव्हे. चौकट काढतांच तींत लिहिलेलें नाहींसें होतें. उलट नुसती अदृश्य केली, तर लिहिलेलें आंत तसेंच राहतें. समजा, नोंदणी करणाऱ्यानें चुकून चाळीसच्या जागीं चार लिहिलें, पालकाचा क्रमांक भरला, आणि मग वय सुधारलें. चौकट झांकली गेली. पण आंतला क्रमांक तसाच पुढें गेला, तर चाळीस वर्षांच्या माणसाच्या नोंदींत एक भलताच संबंध लिहिला जाईल, आणि तो कोणाला दिसणारहि नाहीं. म्हणून खरी माहिती वेगळ्या नोंदींत ठेवावी, घटकांनीं ती फक्त दाखवावी, आणि जो प्रश्न मागें घेतला त्याचें उत्तरहि मागें घ्यावें. आधारच्या नोंदणींत दुसरा पडदा रहिवाशाकडे तोंड करून ठेवीत, तें याचसाठीं: लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें त्यानें स्वतः पाहावें.

पण जें पडद्यावर आलेंच नाहीं तें तो कसें पाहणार? घटक केव्हां प्रकट व्हावा हें ज्यानें ठरविलें, तो आज्ञावली लिहिणारा शेंकडों कोसांवर असतो. त्यानें 'दहाहि ठसे आल्याशिवाय पुढचें बटण उघडूं नये' एवढेंच लिहिलें, आणि बोट नसलेल्या माणसासाठीं वेगळी वाट ठेवली नाहीं, तर तो मजूर घरीं परत जातो. आणि दोष त्याच्या हाताला लागतो, पडद्याला लागत नाहीं. हा बदलता पडदा बांधण्याचें कसब मीं वर सांगितलें तेवढें आहे, तें कोणालाहि शिकतां येईल. पंगतीला कोण कोण येऊं शकेल याची आठवण ठेवणें हें मात्र यजमानाचें काम आहे, आणि तें मांडव घालण्याच्या आधींच करावें लागतें.