डोंबिवलीचा ड्रम आणि युरोपची फाइल

एक्स्पोर्ट म्हटलं की आपल्याला न्हावा-शेवाची जहाजं आठवतात. पण तुमची शेअर रिक्षा रोज ज्या डोंबिवली एमआयडीसीतून जाते, तिथलेही रंग, औषधांचा कच्चा माल आणि बाकीची केमिकल्स परदेशात जातात. या ड्रमांना गिऱ्हाईक मिळणार का, हे आता नुसत्या भावावर ठरत नाही. देश एकत्र येतात आणि एकच नियम करतात, तेव्हा इथलं गणितही बदलतं.

समजा, इथल्या एका कंपनीला जर्मनी, इटली आणि स्पेनला रंग विकायचाय. १९९३ मध्ये युरोपची एकच बाजारपेठ झाली. मग २००७ मध्ये ‘रीच’ हा केमिकल्सचा कायदा आला. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त माल तिथे जाणार असेल, तर त्या रसायनाची नोंदणी हवीच. आपली कंपनी ती थेट करू शकत नाही. एकतर तिथला आयातदार करतो, नाहीतर कंपनीला तिथे आपला प्रतिनिधी नेमावा लागतो. शिवाय चाचण्यांची माहिती द्यायची, म्हणजे खर्च आलाच.

फायदा काय? नोंदणी एक आणि दारं उघडतात ३० देशांची! युरोपियन युनियनचे २७, शिवाय नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन. खर्च झेपणाऱ्या कंपनीसाठी ही लॉटरीच. चार-पाच टन माल पाठवणाऱ्या छोट्या युनिटला मात्र हा हिशोब जड जातो. मग मोठ्या कंपनीला माल विकायचा किंवा दुसरा देश शोधायचा.

आता उलटं बघा. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडला आणि २०२१ पासून तिथे वेगळा ‘यूके रीच’ लागू झाला. ड्रम तोच, रंग तोच, फाइल्स मात्र दोन. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या. अशा करारांनी ड्युटी कमी होते, नोंदणी माफ होत नाही.

बिर्ला, पेंढरकर किंवा बांदोडकरमध्ये केमिस्ट्री करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कारखान्याला रिअॅक्टर चालवणारा लागतो, तशीच ही फाइल समजणारी माणसंही लागतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलसोबत सेफ्टी डेटा शीट वाचायची सवय लावली, तर इंटरव्ह्यूत उपयोगी पडेल.

आणि एक गोष्ट. फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, आठवतंय? ‘रीच’ युरोपात पोचणारं रसायन तपासतो, आपल्या नाल्यात काय सुटलं ते नाही. तिथल्या ग्राहकाची काळजी तिथला कायदा घेतो. इथल्या रहिवाशाची काळजी मात्र आपल्याच प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायची आहे, आणि ती घेतली जाते का, हे आपणच विचारायचं आहे.